डाळमावशीची विहीर

डाळमावशीचा कुणाच्याच गोड पाण्यावर विश्वास नव्हता. तूरडाळ शिजली तरच ते पाणी गोड. भाचीसाठी स्थळ बघायला गेली, तेव्हा तिने पदराला मूठभर तूरडाळ बांधून नेली आणि मुलाकडच्यांच्या चुलीवर शिजत घातली. ती मऊ होईपर्यंत मुलाकडे बघितलंही नाही. तेव्हापासून तिला हे नाव पडलं.

कल्याणजवळ खाडीकाठी तिच्या घराशेजारची जमीन मी भाड्याने घेतली आणि बोअरच्या मचूळ पाण्यावर कोळंबीचं तळं केलं. घोडबंदर रोडवरून येईतो माझा डबा गारढोण व्हायचा. "थंडा काय खातस? घरान ये," म्हणून ती रोज दुपारी मला जेवू घालायची.

कोळंबी काढली की तळ्याचं पाणी मी तिच्या परसामागच्या ओहोळात सोडायचो. सगळेच सोडतात. शिवाय खिशात पाणी तपासायचा मीटर असला की माणसाला अक्कल जरा जास्तच येते. दुसऱ्या काढणीनंतर एकदा तिने ताट वाढलं, तर डाळीचे दाणे टणक.

"मावशी, कच्ची राहिली गं."

"सकालपास्न शिजते. तुजे तल्याचा पानी माजे इहिरीन आला, बाला."

मी विहिरीत मीटर बुडवला. पाणी खारं झालं होतं. सगळी आळी त्या एका विहिरीवर पाणी भरायची. मावशीने चार माणसांत शब्द टाकला असता तर माझं तळं त्याच आठवड्यात बुजलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुजी डाल शिजवाची आसल, तं आमची पन शिजू दे."

मी ओहोळाचं तोंड बंद केलं. तळ्याच्या तळाला जाड प्लास्टिक अंथरलं, अर्ध्या तळ्यात कोळंबी ठेवली आणि उरलेल्यात कोळंबीचं घाण पाणी निवळून तेच परत वापरू लागलो. आळीत टँकर यायला लागला. मावशी मात्र विहिरीच्याच पाण्यात रोज वाटीभर डाळ लावायची आणि माझ्यापुढे ठेवायची. मी निमूट चावायचो. धंदा मी कॉलेजात शिकलो, तो करावा कसा हे त्या वाटीने शिकवलं.

दोन पावसाळे गेले. डाळ थोडी नरमली, पण आत कणी राहायचीच. तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर मावशीच गेली.

बाराव्याला तिच्या सुनेने माझ्यापुढे वाटी ठेवली. "इहिरीचाच पानी हाय," ती म्हणाली. मी एक दाणा बोटांत दाबला. त्याचा लगदा झाला.

"शिजली गं मावशी," मी म्हणालो, आणि मला रडू आवरेना. सुनेने अजून एक पळी वाढली.