सकाळी लिहिलेली ओळ

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात वाशीमच्या न्यायालयात एका अर्जनविसाने स्वतःच लिहिलेल्या खरेदीखताविरुद्ध साक्ष दिली. मी तेव्हा एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. बातम्या लिहायला त्या अर्जनविसांच्याच टेबलाचा कोपरा वापरत असे.

कचेरीसमोर बसून लोकांचे दस्त लिहून देणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. हे त्यांतले सर्वांत सावकाश. कागद वाचून दाखवला की तो पालथा ठेवत आणि विचारत, "आता तू सांग, म्या काय लेहलं?" समोरच्याने आपल्या शब्दांत सांगेपर्यंत अंगठ्याची शाई बाहेर येत नसे.

रिसोडचा एक शेतकरी वैतागला. "पैसे लेहाचे देल्ले तुमाले, परीक्षेचे नाही."

"परीक्षा फुकट हाये. नापास झाला त कोर्टात जाशीन."

शेवटी 'बकलम' आणि त्यांचे नाव. बकलम म्हणजे अमक्याच्या हातचे.

बाजाराच्या दिवशी गर्दी असे. म्हणून दस्ताचा शेवटचा कागद ते सकाळीच लिहून ठेवत: 'वाचून दाखविले, समजले, कबूल.' खाली बकलम.

अशाच एका बाजाराच्या दिवशी अनसिंगची एक विधवा सावकारासोबत आली. घेतलेल्या पैशांचा कर्जरोखा होतो आहे, अशी तिची समजूत होती. सावकाराने सांगितलेला मजकूर तिच्या घराच्या विक्रीचा होता. नोंदणीची वेळ संपत आली होती. अर्जनविसांनी घाईत लिहिले, अंगठा घेतला. वाचणे आणि विचारणे दोन्ही राहिले. वर्षभराने सावकाराने घर खाली करायला सांगितले, तेव्हा ती न्यायालयात गेली.

साक्षीच्या दिवशी शेजारचा अर्जनवीस त्यांना म्हणाला, "काका, अक्षर माहं हाये म्हना अन् उतरा खाली. जास्त बोलसान त परवाना जाईन."

"खाली नाव कोनाचं हाये?" त्यांनी विचारले आणि टोपी घातली.

सावकाराच्या वकिलाने दस्त पुढे धरला. "अक्षर तुमचेच?"

"माहंच."

"शेवटची ओळ वाचा."

त्यांनी ती वाचली.

"म्हणजे बाईला वाचून दाखवले होते."

"ते सकायी लेहलं होतं, साहेब. बाई दुपारी आली." ते पुढे म्हणाले, "म्या सगळ्याइले इचारतो, सांग काय लेहलं. इले नाही इचारलं."

बाई मागच्या बाकावर बसली होती. तिने पदर सावरला.

न्यायालयाने खरेदीखत रद्द केले; घेतलेले पैसे बाईने परत करावेत, असा हुकूम झाला. अर्जनविसाचा परवाना गेला. त्यांनी टेबल शेजाऱ्याला दिले आणि ते गावी गेले. त्यानंतर मला ते दिसले नाहीत.

पैसे फेडून पावती लिहून घ्यायला बाई वाशीमला आली, तेव्हा मी त्याच टेबलाशी होतो. शेजाऱ्याने पावती लिहिली आणि शाईची डबी पुढे सरकवली. बाईने हात मागे घेतला.

"आधी वाच, बावा. मंग मी सांगीन, तू काय लेहलं ते."

त्याने वाचले. तिने सांगितले. मग अंगठा दिला.