पाण्यात धरलेली ट्यूब

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वेडंवाकडं, माफी असावी.

शहागडला आमच्या गाडीचं पंक्चर काढणाऱ्या माणसाच्या गळ्यात क्रूस होता. जोडलेली ट्यूब तो परत पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. उधारी थकवलेला एक ट्रकवाला पैशांऐवजी दारूची बाटली त्याच्यापुढं ठेवून हसला, "घे, पास्टर! दारू सोडून सहा वर्षं झाली ना? मंग कशाला भेतो?"

"जोडल्या जागीच परत हवा निघती," ट्यूबवरची नजर न काढता तो म्हणाला. "म्हणून प्रार्थना करून रोज बघतो. बाटली उचल. पैसे टाक."

मी लाजाळू, पण त्याच प्रभूची लेक. मनात म्हणाले, हलू नको, दादा.

तो हलला नाही. शेवटी ट्रकवाल्याने बाटली उचलली आणि थकलेले सगळे पैसे मोजून दिले.