शिवल्यांना होडी लागत नाही

शीवच्या खाडीला ओहोटी लागली की आई गुडघाभर चिखलात उतरायची आणि बोटांनी चाचपून शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायची. नायगावच्या चाळींतल्या कोकणी बायका त्यांना तिसऱ्या म्हणत आणि डोक्यावर पाटी घेऊन चालत येणाऱ्या आईची वाट बघत. आमच्या कोळीवाड्यातल्या पुरुषांनी मच्छीमारांची सहकारी सोसायटी काढली, ट्रक घेतला आणि सगळ्यांच्या पाट्या आयत्या दादरच्या बाजारात जाऊ लागल्या. सगळ्यांच्या म्हणजे सभासदांच्या. सभासद व्हायला होडी लागे, आणि वडील गेल्यावर आमची होडी विकली होती. सभासद करून घ्या म्हणून आईने सभेत तोंड उघडलं तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष, म्हणजे माझे चुलतकाकाच, म्हणाले, मासे पकडणं वेगळं. शिवल्या काय, पळत नाहीत, कुणीही उचलाव्यात. सगळे पोट धरून हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते. त्यांच्यातला एकही कधी त्या चिखलात वाकला नव्हता.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. मोर्चाला माणसं हवी होती. त्याच ट्रकमध्ये बायका भरल्या, आणि काकांनी हात देऊन आईला वर घेतलं. मुंबई आमची म्हणून ती घसा बसेपर्यंत ओरडली. परतली ती खुशीत. आता आपलीही पाटी ट्रकवर चढणार, असं तिने गृहीतच धरलं. मलाही ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चिखलात कालवाची फुटकी शिंप तिच्या टाचेत खोल रुतली. चिंधी बांधून, लंगडत ती पाटीसकट ट्रकपाशी आली.

"भावजी, काल तुमीच मना हात देऊन वर घेतलाव. आजपन घेवा ना."

"काल मोर्चा होता, वयनी," काका म्हणाले. "आज धंदा हाय."

ट्रक निघून गेला. उघड्या जखमेने, घोड्यांच्या लिदीतून आणि गटाराच्या पाण्यातून ती नायगावपर्यंत चालत गेली.

पुढच्या आठवड्यात तिची दातखीळ बसली. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं, शुद्ध मात्र पूर्ण होती. बोलता येत नव्हतं म्हणून ती नुसती माझ्याकडे बघायची. त्यातच ती गेली.

तेराव्यानंतर काका घरी आले. आईच्या मरणावरून कोळीवाड्यात बायकांची कुजबुज फार वाढली होती. शिवल्या वेचणाऱ्यांना सभासद करून घ्यायचं सोसायटीने ठरवलं होतं, आणि आईच्या जागी पहिली सभासद मी. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मागे धाकटी भावंडं सकाळपासून उपाशी बसली होती.

मी हो म्हणाले.