सांगाडा बोलत नसतो

‘सांगाडा बोलत नसतो.’

सर एवढंच म्हणाले आणि खोलीतले अकराच्या अकरा जण हसले. मी टेबलावर पालथा पडलो होतो. कमरेपर्यंत उघडा. तोंड टेबलाला त्यासाठीच ठेवलेल्या भोकात, नजर खाली फरशीवर. हसणारे चेहरे मला दिसत नव्हते. त्यांचे बूट दिसत होते. कोणाचा बूट कोणता, हे चार महिन्यांत मला पाठ झालं होतं.

माझा गुन्हा काय? एवढाच, की मी पडल्या पडल्या बोललो होतो, ‘सर, हा सातवा नाही. सहावा मणका आहे.’

ओंकार माझ्या मानेवर मार्करनं खूण करत होता. त्याच्या वडिलांचं नगरात हॉस्पिटल. सरांच्या फिजिओथेरपी सेंटरला निम्मे पेशंट तिथूनच यायचे. त्यामुळं ओंकारचं बोट चुकत नसे. चुकलं तरी चुकत नसे. त्यानं जिथं बोट टेकवलं तो मणका सातवा नव्हता, हे मला न बघता कळत होतं. दर रविवारी त्या हाडावर कोणी ना कोणी बोट ठेवत आलं होतं. स्वतःच्या घराची चौकट माणसाला अंधारात सापडते, तसं ते हाड मला सापडायचं.

‘हं, ओंकार. सातवा. पुढं मोज,’ सर म्हणाले. ओंकारनं चुकीच्या हाडावर सात लिहिलं आणि तिथून खाली सगळी मोजणी एकानं चुकत गेली.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. मीही त्यांच्यासारखाच फिजिओथेरपीची पदवी घेतलेला माणूस आहे. त्यांच्या कॉलेजांसारख्याच एका कॉलेजात शिकलो, त्याच परीक्षा दिल्या, वॉर्डात तेवढेच पेशंट चालवले. पदवी हातात होती. पण परवान्याची परीक्षा पास झाल्याशिवाय स्वतःच्या नावानं पेशंटला हात लावता येणार नव्हता. त्या परीक्षेची उजळणी करून घेणारा नगरातला हा रविवारचा क्लास. तपासणी, मणके, नसा, सांधे, कोणत्या लक्षणाला आधी काय करायचं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्रश्नसंच सरांकडे, सराव चाचण्या सरांकडे. बाहेर यातलं काही मिळत नव्हतं.

क्लासची फी मला झेपणारी नव्हती. तसं सांगायला गेलो तेव्हा सरांनी मला खालून वर नीट बघितलं. कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा उभा होता. त्याची मान तुटून छातीवर लोंबत होती.

‘शर्ट काढ बरं,’ सर म्हणाले.

मी काढला.

‘वा! हाड न् हाड मोजून घ्यावं. घरी काय करतात?’

‘ऊसतोड. आम्ही पाथर्डीकडचे.’

‘तरीच. फी राहू दे तुझी. हाडं दाखवायला तू आमची केस.’

मी थँक्यू म्हणालो. वर वाकून नमस्कारही केला. हे लिहिताना आजही कान तापतात.

माझं अंग असं का, हे त्यांनी विचारलं नाही. सांगतो. शाळेत असताना दरसाल दिवाळीनंतर मी आई-बापाबरोबर तोडीला गेलो. ते कोयत्यानं ऊस तोडायचे, मी मोळी बांधायचो. पुढं अंगात जोर आला तसा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायला लागलो. वाढायच्या वयात मान दबली आणि अंगावर मांस चढायचं राहिलं. हाडं उघडी पडली. त्या उघड्या हाडांवर आता बॅच पास होणार होती.

नवा सांगाडा आणायचा राहूनच गेला. कशाला आणतील? दर रविवारी मी आलो की सर खुर्चीकडं नाही, टेबलाकडं बोट करायचे. बाकीचे वह्या उघडून बसायचे, मी शर्ट काढून पालथा पडायचो. ते लिहून घ्यायचे, मी ऐकून घ्यायचो. पाठीवर मार्करचे आकडे, रेघा, फुल्या. मग सगळे फोटो काढायचे आणि बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे. खाली लिहिलेलं असायचं, ‘आपला सांगाडा’, आणि हसणारी तोंडं. मीही त्या ग्रुपमध्ये होतो. परतीच्या एसटीत बसून तोच फोटो मोठा करून मणके मोजायचो. माझा अभ्यास तेवढाच.

तर त्या रविवारी. हसणं थांबल्यावर सर म्हणाले, ‘आता एकेकानं या खुणेवर दाब देऊन बघा. अंगठे जोडून, सरळ खाली.’

बूट एकेक करून पुढं आले. पहिला, दुसरा, तिसरा. ओंकारनं सगळा भार टाकून दाबलं. मला बोलल्याची शिक्षा होती ती, की त्याला तेवढाच हात चालवता येत होता, मला ठाऊक नाही. श्रद्धा नावाची मिरजगावची मुलगी होती. तिचा हात हलका. दाबताना ती हळूच म्हणाली, ‘दुखतंय का?’

मी नाही म्हणालो. सांगाडाच ना मी.

आठव्याच्या वेळी उजव्या अंगठ्यात मुंग्या आल्या. आधी वाटलं, हात टेबलाखाली लोंबून बधिर झाला असेल. पण मुंग्या फक्त अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात होत्या. करंगळी शाबूत. अंगठ्यात मुंग्या म्हणजे मानेतल्या सहाव्या नसेचं गाऱ्हाणं, हा प्रश्न सरांच्या संचात तीनदा होता. माझी मान ओरडून बरोबर उत्तर सांगत होती आणि माझं तोंड बंद होतं. अजून तिघे दाबायचे बाकी होते. त्यांनीही दाबलं.

मी का गप्प बसलो? भीतीनं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. क्लास गेला तर चाचण्या गेल्या, चाचण्या गेल्या तर परीक्षा गेली, आणि मग पुन्हा वर्षभर कोणाच्या तरी क्लिनिकमध्ये मशीनच्या वायरी लावत बसायचं. दुसरं काही कारण नव्हतं.

शेवटी पन्नास प्रश्नांची चाचणी झाली. तेवढ्यापुरता मला शर्ट आणि खुर्ची मिळायची. पहिलाच प्रश्न होता: पेशंटला हात लावण्याआधी तुम्ही काय कराल? चार पर्याय. बरोबर उत्तर, काय करणार ते पेशंटला सांगून त्याची परवानगी घेऊ. मी त्यावर खूण केली. पेन धरलेल्या अंगठ्यात अजून मुंग्या होत्या.

‘हा तर फुकटचा मार्क,’ उत्तरं सांगताना सर म्हणाले. ‘हा कोणाचाच चुकत नाही.’

खरंच कोणाचा चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. आई-बाप तोड संपवून नुकतेच परतले होते. दुपारी मी न्हाणीच्या दगडावर अंघोळीला बसलो, तर आई पाठ घासायला आली. सहा महिन्यांनी लेक सापडला की ती असंच करते. पहिला तांब्या ओतला आणि तिचा हात थांबला.

‘ह्ये काय रं? कुनी लिवलं पाठीवर?’

‘अभ्यास हाय, आई. हाडं मोजायला खुणा कराव्या लागत्यात.’

तिनं साबण लावून जोरात घासलं. मार्कर निघेना. मग म्हणाली, ‘बाजारात मेंढरं इकली की येपारी पाठीवर रंगाच्या खुना मारत्यात. तसंच दिसतंय.’

मला राग आला. तिचाच. म्हटलं, तुला काय कळतंय यातलं! ओल्या हातानं बाजूच्या कपड्यांतून मोबाईल काढला, ग्रुप उघडला आणि तो फोटो तिच्यापुढं धरला. बघ, किती जण यावरून शिकतात ते बघ.

तिनं मोबाईल जवळ घेतला, लांब धरला.

‘ह्यात तू कुठं हाईस?’

‘ही काय, ही माझीच पाठ.’

‘व्हय, पाठ तुझीच हाय. पर तू कुठं हाईस?’

आईनं मोबाईल परत दिला आणि राहिलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. अंघोळीच्या पाण्यात माणूस रडलेला कळत नाही, हे बरं असतं. रडू ओसरलं आणि खाली नुसता संताप उरला. आधी स्वतःवर, मग त्या खोलीवर.

पुढच्या रविवारी लवकर पोचलो. पुढच्या रांगेतली खुर्ची धरली. वही उघडली. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती.

सर आले. ‘चल, टेबलावर.’

‘नाही सर.’

‘काय?’

‘नाही झोपणार. बसून शिकणार आहे. बाकीच्यांसारखं.’

मी वहीवर तारीख लिहिली.

‘आणि केस कोण होणार?’

‘यांच्यातलं कोणी होऊ दे. आज तो, पुढच्या वेळी दुसरा. माझी पाळी आली की मीही झोपेन.’

सरांनी बॅचकडं बघितलं. ओंकार मोबाईल बघायला लागला. एकाला बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. चार महिने माझ्या पाठीवर लिहिणाऱ्यांपैकी एकालाही शर्टाचं वरचं बटण काढावंसं वाटलं नाही.

मग मी उभा राहिलो. ‘मागच्या वेळी लिहून घेतलेला सातवा मणका चुकीचा आहे. माझ्या पाठीची गरज नाही. स्वतःच्या मानेवर बोट ठेवा. बुडाशी, सगळ्यात उठून दिसणाऱ्या हाडावर आणि त्याच्या वरच्या हाडावर. आता डोकं मागं करा. आत सरकतो तो सहावा. जागचा हलत नाही तो सातवा.’

आधी श्रद्धाचा हात मानेकडं गेला. मग आणखी दोघांचे. मग बघता बघता सगळ्यांचे. अकरा जण स्वतःच्या मानेवर बोट ठेवून छताकडं बघत बसले. बहुतेक जण आपलं हाड पहिल्यांदाच शोधत असावेत. ओंकारचंही डोकं मागं गेलं होतं.

‘सर,’ श्रद्धा म्हणाली, ‘आपण खूण केली होती तो सरकतोय.’

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझी वही उचलली आणि दारातून बाहेर जिन्यावर भिरकावली.

‘इथं मी शिकवतो. फुकट शिकवलं त्याचे चांगले पांग फेडलेस. नीघ. बघू, परवाना कोण देतो तुला.’

मी निघालो. माझ्यामागं कोणी उठलं नाही. श्रद्धाही नाही. जिना उतरेपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं. फोटो मात्र त्यांच्याकडंच राहिला.

आता गावी बसून उरल्यासुरल्या टिपणांवर अभ्यास करतो. काल आईच्या मानेवर सराव करायचा होता. विचारलं, ‘आई, मानेला हात लावू का?’

‘लाव की. इचारतोस काय?’

‘विचारावं लागतं.’

सातव्या मणक्यावर तिला मोळीचं घट्ट टेंगूळ आलंय. दाबलं तशी ती म्हणाली, ‘हळू. दुखतंय तितं.’

मी बोट उचललं. तेवढंच तर करायचं असतं.

परीक्षा आठ दिवसांवर आहे. पास होईन की नाही, माहीत नाही. नापास झालो तर पुन्हा बसेन. पण कोणाच्या उपकारासाठी पुन्हा पालथा पडणार नाही. सरांना मेसेज केलाय: माझ्या पाठीचे फोटो काढून टाका, मी परवानगी दिलेली नव्हती. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

येत्या रविवारी मी तो जिना पुन्हा चढणार आहे. बटणं गळ्यापर्यंत लावून. खोलीतल्या प्रत्येक मोबाईलमधून माझी पाठ माझ्या डोळ्यांदेखत पुसली जाईपर्यंत तिथून हलणार नाही.