मिस्त्रींचा पंप आणि देवमाशाचं पिल्लू

मिस्त्रींचे कान जगावेगळे होते. तीन गल्ल्या पलीकडून गेलेल्या टेम्पोचा कुठला बोल्ट सैल आहे ते सांगतील. पण शेजारच्या खोलीतून बायकोने मारलेली हाक? छे! "बेअरिंग होऊन जन्माला यायला हवं होतं मी," ती माउली म्हणायची.

या कानांच्या जोरावरच त्यांना देवमाशांचा अभ्यास करणाऱ्या बाईंच्या जुन्या बोटीवर इंजिन सांभाळायची नोकरी मिळाली होती. बाई समुद्रात दूरवर बोट थांबवून पाण्यात माइक सोडायच्या. मग अर्धा तास सगळं बंद: इंजिन, स्टोव्ह, चपला आणि मिस्त्रींचं तोंड. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. पण खालून ते गाणं आलं की मिस्त्रीही गार पडायचे. एका भागातले सगळे नर एकच चाल गातात, आणि हळूहळू सगळे मिळून ती बदलतात, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आणि आमचा मेव्हणा! वीस वर्षं एकच विनोद."

एका सकाळी बाई अक्षरशः नाचत आल्या. "मिस्त्री, नवा आवाज! सलग अकरा दिवस मिळालाय. असा आवाज आजवर कुणी नोंदवलेला नाही. मी त्याला 'नवा गडी' म्हणते. पुढच्या आठवड्यात अभ्यासकांच्या मोठ्या सभेत त्यावर निबंध वाचणार आहे. ऐका तर!"

मिस्त्रींनी हेडफोन लावला. घुर्र-टक. घुर्र-टक. घुर्र... टक.

हा गडी त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. बोटीच्या तळात झिरपलेलं पाणी उपसणारा पंप! पाणी साचलं की आपोआप सुरू व्हायचा. बाई रोज विचारायच्या, "सगळं बंद?" आणि मिस्त्री रोज छातीठोकपणे सांगायचे, "सगळं!" पंप त्यांनी 'सगळ्यात' कधी धरलाच नव्हता. इंजिन झोपवतात, पण श्वास कुणी बंद करतं का?

त्या रात्री जेवताना मिस्त्री आमटीत नुसतीच बोटं फिरवत बसले.

"बोट बुडाली का?" बायकोने विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. "खरं बोललो तर नोकरी जाणार."

"आणि नाही बोललात तर त्या पोरीचं भरसभेत हसं होणार. सांगून टाका. फार तर घरी बसाल. माझ्या हाका ऐकायची सवय होईल."

या धमकीने मिस्त्रींना घाम फुटला. तरी सकाळी बोट सुटण्याआधी ते बाईंसमोर उभे राहिले. "बाई, तो नवा गडी... त्याला मी दर महिन्याला ग्रीस लावतो."

बाईंनी माइक तिथेच पाण्यात सोडून हेडफोन कानाला लावला. मिस्त्रींनी तळात जाऊन पंप हाताने चालू केला. घुर्र-टक. बाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि मग त्या डोक्याला हात लावून खालीच बसल्या. "अकरा दिवस! अकरा दिवस मी तुमच्या पंपाच्या प्रेमात होते!"

"चांगला आहे हो तो, फक्त वॉशर गेलाय," मिस्त्री पुटपुटले.

"एक शब्द नाही! पंप बंद. आणि पाणी तुम्ही काढायचं. आवाज न करता."

बादली ठणठणते, म्हणून मिस्त्री तळात उकिडवे बसून फडक्याने पाणी टिपून पिळत राहिले. वर माइक पाण्यात. बराच वेळ काहीच नाही. मग बाईंनी वरून हात हलवून बोलावलं आणि हेडफोनचं एक टोक त्यांच्या कानाला लावलं.

अगदी बारीक, किरकिरल्यासारखा आवाज. थांबला. पुन्हा आला.

"पिल्लू आहे," बाई कुजबुजल्या. "आईशी बोलतंय. शिकारी माशांना पत्ता लागू नये म्हणून दोघं इतकं हळू बोलतात. हा आवाज आपल्या पंपाखाली दडपला जात असणार."

मिस्त्री ओल्या फडक्यासकट तसेच उभे.

परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या फडकी जास्त आणा."

ते घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. मिस्त्री दारातच थांबले आणि श्वासासारख्या आवाजात त्यांनी पिल्लाची सगळी हकिगत सांगितली.

"काय?" आतून आवाज आला. "अहो, मोठ्याने बोला जरा! काही ऐकू येत नाही!"