दोन फोडा, एक न्या

रविवारच्या पुरवणीत एक यादी आली होती. जगात आजवर सगळ्यात जास्त खपलेल्या गाण्यांच्या तबकड्या. कुठल्या देशात निघाल्या, कोणी गायल्या, किती खपल्या. मुलगा मोठ्यानं वाचत होता आणि मधेच थांबून मला म्हणाला, “बाबा, तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त कोणती खपली हो?” मी चूळ भरायच्या निमित्तानं उठून मोरीकडे गेलो. त्या तबकडीची आठवण झाली की अजून दातांखाली काळी कचकच येते.

लढाईचा काळ होता. माझं घर रत्नागिरीकडे, खाडीच्या अंगाला, आणि मी होतो वाशीमला. इंग्रजी पहिलीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. मुंबईला एका घड्याळवाल्याकडे हात बसला, मग त्याच्याच ओळखीनं वाशीमच्या एका मुसलमान शेटच्या दुकानात मेकॅनिक म्हणून आलो. आलो तेव्हा मिसरूड फुटलं होतं, पण गाडीतून उतरल्यावर स्टेशनावरच बसून रडलो होतो, हेही लिहून ठेवतो. दुकानात घड्याळं होती, कंदील होते, शिलाईमशीनचे भाग होते आणि एका बाजूला फोनो आणि तबकड्या. माझं बोलणं ऐकून गिऱ्हाईकं हसायची. मला सगळे ‘कोकण्या’ म्हणायचे. मी पण हसायचो. न हसून सांगतो कोणाला!

शेट भला माणूस. पहिल्याच पावसाळ्यात मी हिवतापानं पंधरा दिवस आडवा होतो. तेव्हा शेटच्या बायकोनं, त्यांना आम्ही खाला म्हणायचो, माझ्यासाठी वेगळा भात रांधून पाठवला. त्या ज्वारीच्या मुलखात भात सणासुदीला दिसायचा. तो मऊ भात खाताना मी ठरवलं, की या घराचा शब्द मोडायचा नाही. हा उपकार आणि काम सुटेल ही धास्ती, या दोन गोष्टींवर माझी तेव्हाची सगळी वागणूक चालायची. शेट नुसते खाकरले तरी माझ्या हातातला स्क्रू खाली पडायचा.

तबकडी लाखेची असते. लाख लढाईकडे जायला लागली तशी नव्या तबकड्यांची टंचाई झाली. मग कंपनीचा फिरता माणूस नवा नियम घेऊन आला. दोन जुन्या द्या, एक नवी न्या. किंमत वेगळी, ती द्यायचीच, वर या दोन जुन्या. दुकानदारानं जुन्या परत विकू नयेत म्हणून त्या गिऱ्हाइकासमोर फोडायच्या. मधली कागदाची गोल चिठ्ठी, जिच्यावर गाणाराचं नाव असतं, ती तेवढी शाबूत काढून दोऱ्यात ओवायची. तुकडे पोत्यात. पोतं मालगाडीनं कारखान्यात. दोऱ्यात जेवढ्या चिठ्ठ्या, त्याच्या निम्म्या नव्या तबकड्या. तो माणूस चहा फुर्र करून पीत म्हणाला, “विलायतेत एकेक तबकडी लाखांनी खपते, शेट. वाशीमनं काय नुसता कापूसच पाठवायचा?” शेटच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. फोडायचं काम माझ्याकडे आलं.

आणि त्यानं आणलेल्या नव्या तबकड्यांच्या पेटीतून ते गाणं आलं.

ते गाणं कसं होतं ते सांगायला मला अजून लाज वाटते. एका नव्या नवरीची थट्टा होती. बाई नाकातून किंचाळायची, आणि प्रत्येक कडव्यानंतर एक माणूस हसायचा. हसायचा म्हणजे कफ दाटलेला म्हातारा खोकतो तसा, ओला, चिकट. लोकांना ते हसणंच आवडायचं. माणसं दुकानाच्या पायरीवर बसून पान थुंकत, मांड्यांवर थापा मारत ते हसणं पुन्हा पुन्हा लावायला सांगायची. पंधरा दिवसांत ते गाणं सगळीकडे पोचलं. कामरगावच्या किराणा दुकानात पोचलं, जिनिंगच्या फाटकावर पोचलं, आणि मग लग्नात घुसलं. तिकडे वऱ्हाड उतरतं त्या घराला जानोसा म्हणतात. तिथं नवरदेवानं रुसून बसायचं, मुलीकडच्यांनी त्याला मनवून मांडवात न्यायचं, ही जुनी रीत. पूर्वी घड्याळ, अंगठी मागत. त्या साली नवरदेव ती तबकडी मागायला लागले. जानोशात ते गाणं वाजलं नाही तर नवरा उठत नसे. मुहूर्त टळू दे, बायामाणसं उपाशी बसू देत, हा आपला फेटा बांधून लोडाला टेकलेला.

मग लोकांनी घरातून जुन्या तबकड्या आणायला सुरुवात केली. त्या ज्या अवस्थेत यायच्या! कांद्याच्या टोपलीतून आलेल्या, झुरळांनी कडा कुरतडलेल्या, तुपाचे हात लागलेल्या, एकीवर तर पोराला झाडा झालेला, तो नुसता फडक्यानं पुसलेला. त्या मी हातात घ्यायचो, दगडावर ठेवायचो, हातोडी मारायचो. काळी भुकटी उडायची. नाकात, थुंकीत, भाकरीच्या घासात तीच. आणि त्या घाणीत एखादी चांगली तबकडी असायची, कोणी मन लावून गायलेली. गिऱ्हाइकाला त्याचं काही नसे. “मार ना बे कोकण्या, गाडी जुपेल हाये माही!”

सुयाही मिळत नव्हत्या. लोक बाभळीचा काटा लावून वाजवायचे, त्यानं नाही तर गंजक्या सुईनं. महिन्या-दोन महिन्यांत तबकडी खरवडून जायची, त्या माणसाचं हसणं कुत्र्याच्या गुरगुरण्यासारखं व्हायचं. मग तोच माणूस तीच तबकडी आणि घरातली आणखी एक चांगली घेऊन परत यायचा. कशासाठी? तेच गाणं नवं घ्यायला. ते गाणं मी फोडायचो आणि तेच गाणं विकायचो. स्वतःचीच हाडं चघळून ते जाड होत होतं, आणि जाताजाता गावातली दुसरी सगळी गाणी गिळत होतं. शेट खूश होते. फार खपलं म्हणतात ते हे असं खपलेलं असतं. किती विकल्या ते सगळे सांगतात. किती फोडल्या याची यादी पेपरात येत नाही.

बाजाराचा दिवस होता. पायरीवर ही गर्दी. त्या गर्दीतून एक म्हातारा गोंधळी पुढे आला. गळ्यात कवड्यांची माळ, अंगात धुऊन धुऊन पातळ झालेला सदरा. खांद्यावरच्या धोतरात गुंडाळलेल्या दोन तबकड्या त्यानं माझ्यापुढे ठेवल्या. आवाज असा, की चाळणीतून पीठ पडावं.

“नातीचं लगन हाये,” तो म्हणाला. “पोरगं जऊळक्याच्या टेसनावर कामाले हाये. त्याले थे हसणारं रेकाट पायजे. नाई त जानोशातून उठत नाई म्हन्ते.”

पहिली तबकडी कोणाकडून तरी मागून आणलेली होती. दुसरी उचलली आणि हात थांबला. ती स्वच्छ होती. जपलेली. चिठ्ठीवर एका गोंधळ्याचं नाव आणि खाली गाव, केनवड.

“हे कोण?” मी विचारलं.

“कोन म्हंजे? मीच.”

मग त्यानं थांबत थांबत सांगितलं. जवानीत कंपनीच्या लोकांनी नागपूरला बोलावून त्याचा एक देवीचा गोंधळ भरून घेतला होता. पुढं गळ्यात गाठ झाली, वैद्यानं डाग दिला, आवाज गेला तो गेलाच. त्याच्याकडे फोनो नव्हता. दसऱ्याला पाटलांच्या घरी जाऊन तो स्वतःला ऐकून यायचा. त्याचा सगळा आवाज तेवढाच उरला होता, त्या एका तबकडीत.

मी म्हटलं, “बाबा, दुसरी एखादी आणा. ही नका देऊ.”

“कोठून आनू? गावातल्या साऱ्या या मुडद्या गाण्यानं खाल्ल्या. काहून, माही चालत नाई का?”

“चालते. पण—”

“मंग झालं तं. पोरीचं लगन मोडू का आता माह्या आवाजासाठी?”

मी उठून शेटकडे गेलो. हळूच विचारलं, या एकाला एकीवरच नवी देऊ का. शेटनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग दाढीवरून हात फिरवला. “बेटा, चिठ्ठी नही तो रेकाट नही. आज याले सोडलं तर उद्या सारा बाजार माह्या छातीवर बसंन. मुझे भी बुरा लगता है. पन तू बोल, मी काय करू?” त्यांनी मला विचारलं. एवढ्या भल्या माणसापुढे काय बोलायचं? परत येऊन बसलो.

म्हातारा म्हणाला, “फोडाच्या आंधी एक डाव वाजव, बापू.”

घड्याळांच्या खणात मी पोलादी सुयांची एक डबी लपवून ठेवली होती. त्यातली एक काढली. किल्ली दिली. संबळ कडाडलं, आणि मग तो आवाज आला. दुकानात तसा आवाज त्या सबंध वर्षात वाजला नव्हता. रुंद, खडबडीत, नांगरल्या वावरासारखा. म्हातारा डोळे मिटून बसला नव्हता, की रडतही नव्हता. भुवया आक्रसून, कान देऊन चुका काढत होता. “इथं घाई केली मी,” एकदा पुटपुटला. “थ्या साहेबानं हात हालवला ना, म्हनून.” मग एका जागी आवाज वर चढायला लागला, आणि त्यानं माझं मनगट धरलं. म्हणजे आता ऐक.

“ए कोकण्या!” पायरीवरून एक तरणा ओरडला. केसांना तेल, कानात अत्तराचा फाया. “दुकानात गोंधळ मांडला काय बे? आता देवीले बकरं कापतं का?”

सगळे हसले.

“आमी काय इथं राती जागरनाले बसून राह्यलो का? थे लाव ना, हसणारं!”

“म्हाताऱ्याले घरी जाऊन ऐक म्हना!”

“घरी कायचं ऐकते? फोडाले तं आनलं त्यानं!”

पुन्हा हशा. त्या हशात मला तोच हसणारा माणूस ऐकू आला, ओला, चिकट. सगळ्या बाजाराच्या घशात तो जाऊन बसला होता. मी शेटकडे पाहिलं. त्यांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. कदाचित सहजच टाकली असेल. घड्याळाच्या दुकानात माणूस घड्याळाकडे बघणारच.

मी सुई उचलली.

आवाज वर चढत होता तिथंच. त्याचा हात अजून माझ्या मनगटावर होता. त्यानं तो काढून घेतला आणि म्हणाला, “राहू दे बापू. पुढचं मले येते.”

येत होतं त्याला. पण आता कोणाला ऐकवणार होता?

मी तबकडी दगडावर ठेवली. कडेनं हातोडी मारत गेलो, चिठ्ठी फाटू नये म्हणून जपून. त्या कामात माझा हात चांगला होता, शेट सगळ्यांना सांगायचे. मधला तुकडा सांडशीनं कुरतडला, चिठ्ठी दोऱ्यात ओवली, तुकडे पोत्यात लोटले. नवी तबकडी कागदात गुंडाळून त्याला दिली. उन्हात ठेवू नका, वाकडी होते, असंही सांगितलं, सगळ्यांना सांगायचो तसं. त्यानं ती धोतरात बांधली. पायरी उतरताना त्या तरण्यानं त्याला वाट दिली आणि म्हणाला, “बाबा, आता कसं, झाक गानं नेलं!” म्हाताऱ्यानं मान हलवली. मी मागच्या अंगणात जाऊन ओकलो. थुंकी काळी होती.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. आसपासच्या दुकानांत आमची विक्री जास्त, म्हणून त्यानं शेटला त्याच गाण्याच्या काही तबकड्या बक्षीस दिल्या, बिनबदलीच्या, म्हणजे जुन्या न घेता. शेटनी त्यातली एक माझ्या हातात ठेवली. “तुझीच मेहनत हाये, बेटा. घरी पाठव अम्मीले.” मी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून. आणि मला खरंच कृतज्ञ वाटलं, याचीच आज जास्त किळस येते. माझ्या आईच्या गावात फोनो नव्हता हे शेटना ठाऊक नव्हतं. ही तबकडी तीन दिवस आधी मिळाली असती तर हिची चिठ्ठी दोऱ्यात चालली असती.

दोरा अजून दुकानातच होता. दुपारी दुकान रिकामं असताना मी ती फोडली. तिची चिठ्ठी ओवली आणि म्हाताऱ्याची काढून घेतली. दोरा भरला तसाच भरलेला राहिला, कोणाला कळलं नाही.

पुढच्या बाजाराला केनवडचा एक गाडीवान कंदिलाची काच घ्यायला आला. त्याच्याबरोबर ती चिठ्ठी पाठवावी म्हणून मी खिशात हात घातला. पण सोबत निरोप काय देणार? तुमचं नाव ठेवलंय, बाकीचं मी फोडलं? हात तसाच बाहेर काढला आणि विचारलं, गोंधळ्याच्या नातीचं लग्न कसं झालं.

“झकास!” तो काच उजेडात धरून बघत म्हणाला. “नवरदेव पयल्या झटक्यात उठला. थे रेकाट सात डाव लावलं, बाप्पा. हसून हसून पोट दुखलं लोकायचं.”