राक्षसाचं काम केलेली सगुणाबाई

कंपनीला सुट्टी होती, म्हणून सुषमा दुपारी ओट्यावर मोबाईलवर एक जुना पिक्चर बघत बसली होती. एक डॉक्टर नजरेनं सगळ्या गावाची अक्कल ताब्यात घेतो आणि त्याच्या हुकमावर केसाळ राक्षस माणसं उचलून नेतो, असली गोष्ट. राक्षसाची काखेतली शिवण उसवलेली दिसली, तशी ती हसायला लागली.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "ती शिवण म्या घातलीती. आत बी मीच हाय."

सुषमाला थट्टा वाटली. पण बाजेवरून सासरे मल्हारीआबा म्हणाले, "खरं हाय ते."

शहाऐंशी साली पिक्चरवाले त्यांच्या राहू गावात नदीकाठी उतरले होते. राक्षसाला काळी लोकर हवी, म्हणून ते मेंढरं राखणाऱ्या मल्हारीकडं आले. घोंगड्या शिवून सोंग तयार झालं, पण राक्षस होणारा मुंबईचा पैलवान त्यात दुसऱ्याच दिवशी उन्हानं आडवा झाला. त्याच्या उंचीचं गावात एकच माणूस होतं, मल्हारीची नवी बायको सगुणा. त्या उंचीपायी तिनं लग्नातही टोमणे खाल्ले होते. पोक काढूनच चालायची.

मल्हारी म्हणाला, "घाल अंगात. घरचं मी बघतो." आणि सून माहेरी कासुर्डीला गेलीय, असं त्यानं बापाला सांगून टाकलं.

आठ दिवस डायरेक्टर ओरडत होता, "बाई, ताठ उभ्या राहा. अजून ताठ." असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पिक्चरच्या शेवटी राक्षस शुद्धीवर येतो आणि डॉक्टरला नदीत फेकतो. सगुणानं तो नट खरोखरच उचलून भिरकावला. बाहेर येऊन तो म्हणाला, "एकदम ओके." त्या दिवसापासून तिचं पोक गेलं.

पिक्चर कुठं लागला ते त्यांना कधी कळलंच नाही. आता मोबाईलवर शेवटी नावं सरकली, तर राक्षसापुढं पैलवानाचं नाव.

सुषमानं तिथंच खाली लिहिलं, 'हा राक्षस राहूच्या सगुणाबाईंनी केलाय. त्या माझ्या सासूबाई.'

महिन्याभरात पुण्याहून मोनिका नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. जुन्या भयपटांवर ती माहितीपट करत होती. तिनं विचारलं, "आजी, तसं चालून दाखवाल?"

साठीच्या सगुणाबाई गुडघा दाबत उठल्या. हात लोंबकळते सोडून, जड पावलं टाकत अंगण ओलांडलं. मेंढरं बाजूला सरली. मल्हारीआबांनी टोपी काढून डोळे पुसले.

मोनिका म्हणाली, "परत काम कराल का पिक्चरमध्ये?"

"करीन की," सगुणाबाई म्हणाल्या, "पण ह्या खेपेला तोंड दिसाया पायजे."